शटर काउंट

सीताबर्डीच्या दुकानात काचेखाली तिघं होते.
पहिला नवाकोरा, इतका हलका
की हातात घेऊनही घेतल्यासारखं वाटेना.
दुसऱ्याचा पडदा कवाडासारखा उघडायचा.
जेठानंदभाई म्हणाले, लग्नवाले हाच नेतात, मॅडम.
तिसरा कोणीतरी वापरून विकलेला,
कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून खालचा करडा धातू दिसत होता,
अंगठ्याच्या जागी रबर झिजून गुळगुळीत.

त्यांनी वायर लावून लॅपटॉपवर आकडा दाखवला:
एक्क्याऐंशी हजार दोनशे चौदा.
इतक्यांदा उघडमीट झालेला डोळा.
दीड लाखापर्यंत काही होत नाही, ते म्हणाले,
म्हशीची वेतं सांगावीत तसे.

मी खटका दाबला.
मोहफूल पडल्यासारखा, असं लिहिणार होते,
पण मोहफूल पडताना कोणी ऐकलंय?
पाखडून झाल्यावर सुपावर एकदा बोटं आपटतात,
तसा आवाज. कोरडा. काम संपल्याचा.
तोच घेतला.
गोंदियाच्या गाडीत पूर्ण वेळ मांडीवर होता,
तुमसर आलं तेव्हा पाय बधिर.

आमगावात तहसीलसमोर माझं दुकान:
निळा पडदा, एक स्टूल, एक कंगवा, आरसा.
"येवढा मोठा कायले व?" वेणूबाई म्हणाल्या,
"फोटो तं तोंडाचाच येते."
खरं होतं ते.
गिऱ्हाईक नसलं की मी चारशे पानांचं पुस्तक उघडायची,
डिक्शनरी बाजूला,
एका दुपारी एक बटण.
दोन बटणं अजून मला ओळखत नाहीत.

दिवाळीनंतर मंडई भरली.
रात्री दंडार, बांबूला टांगलेले दोन हॅलोजन,
आणि मी पहिल्या रांगेच्याही पुढे, गुडघ्यावर.
पन्नास फोटो काढले, पन्नासही पांढरे.
राजाचं तोंड म्हणजे नुसता चुना.
कॅमेऱ्याला मागचा अंधार दिसायचा,
आणि त्याला वाटायचं, बिचारीला उजेड कमी पडतोय.
भला होता तो. माझ्या मदतीला धावत होता.
मग पुस्तकातलं पान आठवलं,
चाक फिरवलं उणेकडे, एक, मग दीड.
रात्रीला रात्र राहू द्यायची असेल
तर यंत्राचं थोडं कमी ऐकायचं.
राजाच्या मुर्दाडशंखाखालून घामाची एक रेघ निघाली,
गालावर आली, थांबली.
ती मिळाली मला.

तोच फोटो पेपरात छापून आला, आतल्या पानावर, पण रंगीत.
वेणूबाईंनी मोठ्यानं वाचलं:
छाया: आर. जी. खोलकुटे.
"हे कोण व?"

मेनूच्या तळाशी, जिथे मी कधी उतरलेच नव्हते,
तिथे बसला होता तो.
आर जी खोलकुटे, अकोला.
तीन महिने माझ्या प्रत्येक फोटोच्या पोटात
त्याचं नाव जात होतं,
रेशन कार्डाच्या, निकालाच्या, वारलेल्या सासऱ्याच्या.
एक्क्याऐंशी हजार वेळा त्यानं काय पाहिलं असेल?
लग्नंच असतील. एखादं पोर असेल, वाढत गेलेलं.
विकला का, ते जेठानंदभाईंना मी विचारलं नव्हतं,
आता फोन लावला नाही.

एकेक अक्षर चाक फिरवून पुसावं लागतं.
मराठी अक्षरं त्यात नाहीत.
योगेश्वरी रहांगडाले इंग्रजीत लिहायला
अकरा मिनिटं लागली, एक ए राहूनच गेला.
अंगठ्याची जागा मात्र मेनूत नाही.
ती त्याचीच आहे, मोठी.
माझा अंगठा तिथे अर्धाच पुरतो.

उठताना बोट चुकून खटक्यावर पडलं.
माझ्या नावाचा पहिला फोटो:
निळा पडदा, रिकामं स्टूल,
स्टुलाखाली कोणाचा तरी विसरलेला कंगवा.
फोकस अगदी कंगव्याच्या दातांवर.