कड

बडोद्यात मे महिन्यात पंधरा अंश कधीच नसतात.
बिल मात्र पंधरा अंशांवर होतं.
बाहेर त्रेचाळीस, पत्र्याखाली त्याहून वर,
आणि आमच्या पाइपातला गॅस कागदावर
कुठल्यातरी थंड हवेच्या गावी राहतो.
हा हिशोब रात्रंदिवस करणारी पेटी भिंतीवर आहे.
तिचं कुलूप गॅस कंपनीचं,
तिच्यावरची धूळ आमची.

मकरपुऱ्यात आमची काचेची भट्टी.
सात वर्षं विझलेली नाही. विझली तर आतली काच
भट्टीलाच धरून बसेल.
म्हणून तिच्या तोंडाशी एक झडप आहे.
मराठी हाच शब्द ससाण्यालाही देते,
आणि आमची झडप ससाण्यासारखी वागायला लागली
की मी तिचं डोकं शांत करते:
थोडं कमी, थोडं उशिरा,
चार टक्के उघड, थांब, बघ.
चांगल्या झडपेबद्दल कुणाला काही आठवत नाही.

मोजायचं तसं सोपं आहे.
वाटेत एक चकती घालायची, मधोमध भोक.
गॅस अडतो, अंग चोरतो, पुढे निघतो.
अडण्याआधीचा दाब, अडल्यानंतरचा दाब,
दोघांतल्या फरकाचं वर्गमूळ.
दारातल्या रेटारेटीवरून
आत किती माणसं गेली ते सांगावं, तसं.

मीटर दोन आहेत. पहिला त्यांचा, बिलाचा.
त्यामागे आमचा, नुसता मनाच्या समाधानाचा.
नोव्हेंबरपासून आमचा दोन टक्के जास्त दाखवत होता.
अकाउंट्सचे दलालसाहेब म्हणाले,
"शितोळेबेन, तुमचा मीटर जुळवून टाका ना."
जुळवणं म्हणजे एक आकडा बदलणं, दीड मिनिटाचं काम.
मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.
आमच्या मीटरचे तपासणीचे दाखले
त्यांच्या टेबलावर ठेवले आणि डबा खायला गेले.

वडिलांचं रॉकेलचं दुकान होतं,
दांडिया बाजारच्या मागे, बोळात.
त्यांच्या लिटरच्या मापाला तळाशी पोचा होता.
गिऱ्हाइकं हसून म्हणत, मापात पाप.
ते म्हणत, पोचाच आहे,
आणि वरून एक पळी घालत, डबा सांडेपर्यंत.
पळीलाही पोचा होता का,
हे मी कधी पाहिलं नाही.

काल त्यांची चकती उघडली.
गॅस दुसऱ्या लाइनीवर वळवला, भट्टीला कळलंही नाही.
कंपनीकडून परिमलभाई अमीन आले होते,
शिक्के, तारा, तीन प्रतींचा फॉर्म घेऊन.
दाब सोडला तेव्हा तो सडका वास आला.
गॅसला स्वतःचा वास नसतो, तो बाहेरून घालावा लागतो,
पळाला तर कळावा म्हणून.
माणसांच्या बाबतीत ही सोय कुणी केलेली नाही.

चकती हातात आली. तेलकट, जड.
भोकाची कड तपासायची रीत जुनी आहे:
टॉर्च मारायचा आणि तिरकं बघायचं.
धार असलेली कड उजेड परत देत नाही.
चमकली, म्हणजे बोथट.

चार वाजतात त्या जागी,
केसाएवढी एक रेघ चमकली.

परिमलभाई चष्मा पुसत होते.
दलालसाहेब माझ्याकडे बघत होते, चकतीकडे नाही.
बोथट कडेवरून गॅस सहज सुटतो,
रेटारेटी कमी, म्हणजे मोजणी कमी.
चूक आमच्या फायद्याची होती.
सहा महिने, दोन टक्के,
सात वर्षं न विझलेल्या भट्टीचे.
दलालसाहेबांचं गणित डोळ्यांतच चाललं होतं.
माझंही. ऑगस्टमध्ये पगारवाढीची यादी निघते.

परिमलभाईंनी चष्मा घातला, चकती दुरून बघितली,
म्हणाले, "बराबर लागे छे."
पेन काढलं.

मी टॉर्च त्यांच्या हातात दिला.
"तिरका धरा," म्हटलं.
"अजून थोडा."