पत्ता अपुरा

भुसावळच्या आरएमएसमध्ये एकतीस वर्षं
मी पत्रं खणांत टाकली,
रावेर, निंभोरा, खिरोदा, वरणगाव,
न बघता, नुसत्या बोटांनी.

मार्चमध्ये एका सकाळी
'कढई' हा शब्द सापडेना.
मोहरी मुठीत, तेल तापलेलं,
आणि मी दिगंबरला म्हणतेय, ते रे, ते काळं.

जळगावला यंत्रात घातलं.
डाव्या बाजूला तीन डाग.
कवटीला भोक पाडून कण काढला,
मेणात बसवून मुंबईला धाडला.
चाळीस दिवस तो फिरला,
तीन प्रयोगशाळा, तीन शेरे.
असली पाकिटं मी ओळखते.
त्यांवर आम्ही लाल पेन्सिलीने लिहायचो:
पत्ता अपुरा.

शेवटी आलं ते नाव एका ओळीत मावत नाही.
इंदूबाई विचारतात, काय झालं व बाई, डोक्याले?
मी म्हणते, गर्दी झालीय.
आपल्याच पांढऱ्या पेशी, नको तिथे जमल्यात.
मंग हाकला ना त्याहिले.

हाकलायचं कसं?
सूज उतरवणाऱ्या गोळीने साखर चारशेवर.
साखरेची गोळी किडनीला चालत नाही.
फिटची गोळी रक्त पातळ करणारीला जुमानत नाही,
आणि लिव्हरमध्ये जुनी कावीळ झोपलेली,
तिला उठवायचं नाही.
सहा डॉक्टर, ज्याचा त्याचा खण.

वही दिगंबरकडे. केळीच्या रोपांची जाहिरात असलेली, फुकटची.
वेळ, साखर, आणि त्या दिवशी हरवलेला शब्द.
मंगळवार: कात्री.
गुरुवार: जावयाचं नाव.

मग सगळ्यांत तरुण डॉक्टरने
जुनी फाईल मागून पुढे चाळली.
सोमवारची ही पिवळी गोळी किती वर्षं?
बारा. सांध्यांसाठी.
तो थांबला. म्हणाला, कदाचित हीच.

उपासालाही चुकवली नव्हती मी ती.

बंद केली.
श्रावणात दोन डाग पुसट झाले.
कढई परत आली, येताना झारा घेऊन आली.
आणि बोटं मिटायला लागली.
सकाळी तांब्या धरवत नाही, वेणी तर नाहीच.
भरताची वांगी दिगंबर भाजतो, साल काढतो, पोळतो,
बडगीत ठेचतो.
मी खुर्चीतून सांगते, मिरची कमी.

तिसरा डाग आहे तसाच.
दिवाळीनंतर पुन्हा यंत्र.

काल पोस्टमनने चुकून
कुणा सरोद्यांचं पत्र आमच्या दारात टाकलं.
मी पत्ता वाचला. मोठ्याने,
पिनकोडसकट.