पोटातली वस्ती

चिमट्यानं नांगी ओढली
की आतडं सरकन बाहेर येतं,
टोकाला फुगलेला पिवळा दोरा.
कालचा पराग. कांद्याचा.

कांद्याचं फूल माशीला फारसं आवडत नाही,
पण भाडं आवडीवर ठरत नाही.
भोकरदनच्या पुढे, बियाण्याच्या प्लॉटवर
साठ पेट्या, फेब्रुवारीचं ऊन,
आणि बाभळीखाली माझं टेबल.

"काय शोधायलीस गं माय, माशीच्या पोटात?"
लिंबाजी विचारतो. पेट्या त्याच्या.

राहणारे, मी म्हणते. पाच-सहा जातीचे,
डोळ्याला न दिसणारे.
तुरीच्या फुलोऱ्यात त्यांची एक मोजदाद,
करडईत दुसरी,
चैत्रात नुसत्या पाकावर दिवस काढताना तिसरीच.
बांधावर तणनाशक मारलं की त्यातलेही काही कमी होतात.

पण जन्मताना पोट कोरं असतं.
झाकण कुरतडून माशी बाहेर येते,
राखाडी, ओलसर, पाय न सावरता,
आणि दोन-तीन दिवसांत घर भरतं :
मोठ्या बहिणींच्या अंगाला अंग लागून,
त्यांच्या विष्ठेचा कण जिथे राहिला
त्या मेणावर तोंड फिरवून.

वीस माश्या मी आधीच काढून घेतल्या होत्या,
उबवणपेटीत, उकळलेल्या साखरपाण्यावर.
एकदम स्वच्छ.
जगल्या. अंग मात्र धरलं नाही त्यांनी.

लिंबाजी बराच वेळ धुराड्याची राख ठोकत बसला.
मग म्हणाला, पावसाळ्यात अळ्या सडायल्या होत्या.
मेडिकलवाल्यानं कॅप्सुला दिल्या, लाल-पिवळ्या.
पाकात फोडून घातल्या.
"म्हंजी मीच वस्ती उठवली की."

पुन्हा बसते, मी म्हणाले.
सगळी घरं परत येत नाहीत.

"आमाला पानी वरून ओतायचे," तो म्हणाला,
"वंजळीत. भांड्याला तोंड लागू नये म्हनून."
माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं : पेटी एक्केचाळीस, नमुना सात.
हातमोज्याला आंबूस वास.

आठव्या नमुन्यासाठी त्यानं चौकट उचलली.
एका घराचं झाकण हलत होतं,
भोकातून दोन मिशा,
मग अर्धं डोकं.
मी चिमटा पुढे केला.

"हिला नगं," लिंबाजी म्हणाला,
आणि चौकट हळूच आत सोडली, दाटीच्या मधोमध.
"अजून हिच्या पोटात कुनीच न्हाई."