दहांदा आटवलेलं

निपाणीत माझं तपकिरीचं दुकान,
वडिलांनी मांडलेलं, मी पुसत आलेलं.
पितळी मापं, तीन बरण्या, एक तागडी,
आणि गिऱ्हाईक शिंकलं की मिळणारी पावती.
शिंक सणसणीत तर माल चोख.
एवढंच शास्त्र.

सहा वर्षं झाली, माझ्या नाकानं काम सोडलं.
डोळ्यांच्या मागं कुणी ओली वाळू भरून ठेवलेली,
कपाळात दिवसभर जातं,
रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं.
मोगरा, करपलेली भाकरी, गटार,
सगळं एकाच भावात.
सून म्हणाली, मामा, दूध नासलंय.
निम्मा पेला पिऊन झाला होता.

नीलांबिका वैद्यीणबाई बस स्टँडच्या मागं बसतात.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मधे पत्र्याला आलेला गंज, तो दोघांचा.
बॅटरी मारून बघितलं त्यांनी.
मधलं हाड वाकडं आहे म्हणाल्या,
डावीकडं सरकलंय.
मी घाबरलो, तर हसल्या.
सरळ कुणाचं असतंय हो इकडं?

तेल कसलं, तर
जिवंती, वाळा, देवदार, नागरमोथा,
ज्येष्ठमध, बेलाची मुळी;
पुढची नावं त्या कन्नडमधनं बोलल्या,
ती मी मान हलवून घेतली.
तिळाच्या तेलात काढा ओतायचा, आटवायचा,
पुन्हा ओतायचा, पुन्हा आटवायचा,
असं दहांदा.
दहाव्या खेपेला शेळीचं दूध.
शेळी कोडणीच्या सत्यव्वाची,
ती काय काय पाला खाते त्याचा हिशेब वेगळा.
"दहांदा?" मी म्हटलं,
"आम्ही तंबाखू एकदाच कुटतो."
"म्हणून तर तुम्ही इथं आलाय."

कपाळाला, गालांना कोमट तेल चोळलं.
टॉवेलाची वाफ.
मान मागं टाकून पडलो, पंखा उलटा दिसला.
एका नाकपुडीत थेंब, मग दुसरीत.
जन्मभर लोकांच्या नाकाची सोय बघितली,
माझ्या नाकाला दुसऱ्याचा हात लागायची
ही पहिलीच वेळ.
उसिरु एळकोरी, म्हणाल्या. ओढला श्वास.
घशात कडू उतरलं.
नुंगबॅडरी! गिळू नका, थुंका.
आता पडून शंभर मोजा.
साठापर्यंत मराठीत मोजले,
पुढं संकेश्वरच्या मिरची बाजारातले आकडे तोंडात आले,
ते कन्नडच.
ऐंशीच्या आसपास आत काहीतरी हललं.
तीन दिवसांनी पाणी यायच्या आधी
नळ खोकतो ना, तसं.

सातव्या दिवशी दुकान उघडलं
आणि उंबऱ्यावरच थांबलो.
पहिली बरणी. कुबट.
दुसरी. पावसात राहिलेल्या चपलेचा वास.
तिसरी लांबूनच झाकली.
हे विकत होतो मी?
गळ्याला हात लावून, ताजं म्हणून?

तेवढ्यात दस्तगीर आला,
रोजच्यासारखी डबी पुढं केली.
आज नको, म्हटलं. माल खराब आहे.
त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.
"वास यायला लागला म्हण की तुला."
"तुला ठाऊक होतं?"
"तीन वर्षं झाली."
"मग घेत का होतास रे?"
फळीचा एक कोपरा त्याच्या बसण्यानं गुळगुळीत झालाय,
तिथं तो टेकला.
"घेतल्याशिवाय बसायचं कसं?"

मी आल्याचा चहा सांगितला.
वास आधी आला, मग पोऱ्या दिसला.

बरण्या ओढ्यात ओतणार होतो.
सत्यव्वा बाजाराला आलेली, नको म्हणाली,
गोचिडांवर चालते.
तिथंच दुकानापुढं तिनं मूठभर
शेळीच्या पाठीवर चोळली.
शेळीनं मान झटकली,
माझ्याकडं बघितलं,
आणि शिंकली.
सणसणीत.