चोवीस खाचा

गणिताचा तास मी आता वर्कशॉपमध्येच घेते.
फळ्यापुढे अंकुश हेडाऊ
हातातल्या खडूचा लगदा होईतो उभा राहायचा.
"माह्याच्यानं नाही होत, मॅडम."
आणि एप्रिल लागला की सक्करदऱ्यात
याच्याच दारात जळक्या कूलरची रांग.

मोटर उघडून ठेवली टेबलावर.
करपलेलं वार्निश, काळी पडलेली तार.
खाचा किती?
"चोवीस."
मग दोन खाचांमधला कोन?
"पंधरा," तार उसवता उसवता,
मान वर न करता.
"पण चार पोल हायेत ना,
करंटच्या हिशेबानं तीस धरा लागते."

हे मला ठाऊक नव्हतं.
एम.एस्सी.ला आम्ही एकही मोटर जाळली नव्हती.

लिही हे, म्हटलं.
बोटं थांबली.
"लिवलं का चुकते."

तर आम्ही आधी गुंडाळतो, मग लिहितो.
रक्षंदा गजभिये फेरे मोजते मोठ्यानं,
एखादा हुकला की सगळे पुन्हा शून्यावर.
कुणी कुणाला ढ म्हणत नाही.

निकाल: एकेचाळीस.
स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं,
टेक्निकलच्या पोरांना पुष्कळ झाले.

अंकुशला नाही झाले.
दुकानाचं शटर अर्धं ओढून, भर उन्हात
उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आलाय,
ओळीओळीवर बोट टेकवत उतरतोय खाली,
टेस्टरनं तुटका जोड शोधावा तसा.
"उत्तर तं बरोबर हाय, मॅडम.
मंग चार मार्क गेले कुठून?"