खिशातल्या तुरी

कळमनुरीच्या तहसिलात एकवीस वर्षं
मी फाइली वाहिल्या.
नाव ग्यानोबा, हुद्दा शिपाई.
चाललेलं मोजायला कुणी सांगितलं नव्हतं
नव्या मॅडम येईपर्यंत.

नायब तहसीलदार, आडनाव हंडरगुळीकर.
पहिल्याच सोमवारी पुडीतून मूठभर तूर दिली.
"ही कौसाबाई मस्केची फाइल, वारसाची नोंद.
टेबलावरून उठली, की एक दाणा
डाव्या खिशातून उजव्या खिशात."
का, ते नाही सांगितलं.
पाठक अव्वल कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले,
"बाजारात तुरी..."
आणि पुढचं गिळलं.

मग मी चाललो.
आवकच्या खिडकीतून जमाबंदी,
जमाबंदीतून व्हरांडा, माठ, जिना,
उन्हातनं अख्ख्या इमारतीला वळसा
आणि मग अभिलेख कक्ष,
जिथं निजामाच्या काळचे उर्दू बस्ते
लाल फडक्यात निजलेत
आणि ते वाचणारे मुजीब मास्तर
फक्त गुरुवारी येतात.
गुरुवार हुकला, आठवडा गेला.
फाइल परत. शिक्का राहिला.
परत. लाल शाई पाहिजे, निळी चालत नाही.
परत.

कौसाबाई मंगळवारी यायची, बाजाराच्या दिवशी,
यस्टीचं भाडं एकाच फेरीत निघावं म्हणून.
लिंबाखाली चप्पल काढून बसायची,
जसं काही तिथूनच देऊळ सुरू होतंय.
"कुठवर गेली हो माझी फाइल?"
सासरी दिलेल्या लेकीचं विचारावं तसं.

त्रेचाळिसाव्या दिवशी मॅडमनी खिसा उलटा करायला लावला.
एकोणतीस दाणे.
त्यांनी वहीत पाहिलं, बोटांवर हिशोब केला.
सगळ्यांचे मिळून या कागदाला हात लागले
पाऊण तास.
बाकी दिवस तो वाटेत होता,
नाहीतर कुणाच्या तरी कोपराखाली.

मला वाटलं, आता नोटिसा.
कारणे दाखवा, खुलासा, सात दिवसांत.
पाठकांनी रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.
मॅडम म्हणाल्या,
"ते जमाबंदीतलं कपाट हलवा."

चौघं लागलो.
कपाटामागं दार निघालं. सागवानी.
त्यावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर,
सालाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
कडी काढली, तर पलीकडं
लाल फडकी.
दोन पावलं.

कुणी बोललं नाही.
मला हसू आलं, आणि त्याच वेळी
टाचा दुखायला लागल्या,
एकवीस वर्षांच्या एकदम.

मुजीब मास्तर पुढं मंगळवारीही बसू लागले.
लाल शाईचं मात्र अजून चालूच आहे.

खरं सांगू? मला काही आनंद झाला नाही.
दिवसाच्या चौदा फेऱ्यांत चार चहा तरी सुटायचे.
व्हरांड्यात लोक साहेबाच्या आधी
मला रामराम घालायचे.
दार उघडलं आणि मी नुसता शिपाई उरलो.

अकराव्या महिन्यात मॅडमची बदली.
हार नको म्हणाल्या, फोटो नको.
नवे साहेब आले, भिंतीकडं बघून म्हणाले,
"हे कपाट इथं शोभत नाही. होतं तिथं लावा."
आम्ही चौघांनी हात घातला.

पाठक दारात येऊन उभे.
परिपत्रक नाही काढलं, नियम नाही सांगितला.
"साहेब," म्हणाले, "माझे गुडघे."

कपाट राहिलं.

दार कुरकुरतं. त्याच्या तेलाला
कुठल्याच लेखाशीर्षात पैसा नाही.
मी घरून आणतो, करडईचं,
औषधाच्या बाटलीतून.

काल कौसाबाईची जाऊ आली.
फाइल उचलून दारातून पलीकडं गेलो,
सवयीनं हात खिशात गेला.
एक दाणा होता, किडलेला,
कुठल्या फेरीचा कुणास ठाऊक.
खिडकीतून पाहिलं, तर बाई
लिंबाखाली चप्पल काढायली होती.
"मावशी," मी ओरडलो,
"बसू नका."