विसपुतेंचं भिंग

पुढचं झाकण उघडलं तर डिकी,
मागचं उघडलं तरी डिकी.
"मंग इंजन कुठी हाय भो?"
गल्लीतल्या पोरांनी विचारून झालं,
दूधवाल्यानंही.
हे म्हणाले, "पोटात,"
आणि स्वतःच पोटाखाली शिरले.

टॉर्च माझ्याकडे.
सत्तावीस वर्षांत
गिझर, मिक्सर, बोअरचा पंप, लुना,
प्रत्येकाच्या पोटात उजेड धरलाय मी
आणि प्रत्येक वेळी ऐकलंय,
"तिकडे नाही गं, इकडे."

पोर्शे. वय एकोणीस.
एका बिल्डरच्या गोडाऊनमध्ये सहा वर्षं
ताडपत्रीखाली उंदीर सांभाळत होती.
सर्व्हिसिंग मुंबईला.
नुसतं तेल बदलायचे फोनवर जे सांगितले
त्यात आमच्या पिंप्राळ्यात
अख्ख्या बाथरूमला टाइल्स बसतात.
हे हसले. तीस वर्षं
पीव्हीसी पाइपांची मशीनं खोलून बसवलेला माणूस.
भुसावळच्या लिलावातून रेल्वेचे चार लाकडी स्लीपर आणले,
तासून उतार केला,
सरकीच्या तेलाचा डबा आडवा कापला,
आणि रविवारी, थंडीत,
शेजारी अत्तरद्यांकडे पऱ्हाट्यांवर वांगी भाजत असताना
लाल गाडी स्लीपरवर चढली,
बैलगाडीपेक्षा हळू.

आठची अॅलन की. एक झटका.
मग काळी धार,
आधी काकवीसारखी जाड, मग बारीक, मग थेंब थेंब.
सव्वाआठ लिटर.
यांनी मोजलं, मी ऐकलं.

फिल्टरपर्यंत यांचा पंजा जाईना.
माझा गेला.
हातात पाटल्या नसल्याचा
आजवर झालेला हा एकच फायदा.

मीच काढून दिल्या होत्या,
मागितल्या कुणी नव्हत्या.
विसपुते अण्णांनी काट्यावर ठेवल्या,
चष्म्यावरून बघितलं,
"वहिनी, घरात कुणी आजारी?"
"नाही. गाडी घेतोय."
"कोणती?"
सांगितली.
बराच वेळ ते वजनाकडेच बघत राहिले.

तेच अण्णा आज आमच्या अंगणात
उकिडवे, डोळ्याला भिंग लावून.
फिल्टरचा कागद कात्रीने कापून
घडी घडी उलगडलाय पांढऱ्या टाइलवर.
या गाड्यांचं आतलं एक बेअरिंग म्हणे झिजतं,
झिजलं की तेलात चमक उतरते,
चमक आली की इंजिन गेलं.

जळगावात चमक बघून पैसे मोजतात.
चाळीस वर्षं अण्णांनी चमकच शोधली,
आज पहिल्यांदा
ती सापडू नये म्हणून बघतायत.
"इकडे नाही वहिनी, तिकडे."
म्हणजे हेही तसलेच.
या काळ्या लेपात कुठेतरी माझ्या पाटल्या आहेत.
मी मनात म्हणते, बायांनो,
दिसू नका.

एका घडीत एक कण.
चिमट्याने उचलला,
लोहचुंबक लावलं. चिकटला नाही.
नखावर घासला.
हे गाडीखालून विचारतायत, "काय? काय?"
अण्णांनी खिशातून गुलाबी कागद काढला,
पुडी बांधली, वर तारीख घातली.
"पुढच्या तेलाला परत बघू."

अत्तरद्यांकडून भरिताचं ताट आलं,
वर कळण्याच्या भाकरी.
तीनदा साबण लावूनही यांची नखं काळीच.
जेवताना दोनदा विचारलं, पुडी कुठे ठेवलीस?
पाटल्यांच्या डबीत, म्हटलं.
मग ते काही बोलले नाहीत,
मिरची तेवढी जास्त खाल्ली.

नवं तेल ओतलं, मागच्या डिकीतून.
खाली वाकून बघितलं, कोरडं.
"लाव," म्हणाले.
मी बसले. किल्ली फिरवली.
पाठीच्या मणक्यामागे कुणीतरी
घसा खाकरला,
आणि बोलायला लागलं.

स्पीडब्रेकरपर्यंत गेलो, परत आलो.
त्याच्या पुढे खाली घासते.